आतून जोडून ठेवलेली लाइन

रशीदभाई कुणाच्या घरी गेले की आधी माणसांकडे बघायचे नाहीत, वायरकडे बघायचे. खांबापाशी उभं राहून तिथून निघालेली वायर डोळ्यांनी पकडायची, पत्र्यावरून, जांभळाच्या फांदीतून, खिडकीच्या कोपऱ्यातून ती आत कुठे शिरते ते पाहायचं, आणि मगच चपला काढायच्या. लग्नाच्या मांडवातसुद्धा नवरा-नवरी राहिली बाजूला, हे आधी जनरेटरपासून माइकपर्यंत एक फेरी मारून येणार. त्यांच्या पत्नी हमीदाभाभी म्हणायच्या, "मला बघायला आले तवा पण आमच्या छताकडंच बघत व्हते. माझ्या अब्बांना वाटलं, पोरगा लई लाजरा हाय."

माझी आणि त्यांची गाठ पडली ती जुन्नरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. ते लाइनमन, मी ऑपरेटर. मला तेव्हा एकविसावं चालू होतं आणि अक्कल अजून यायची होती. त्या काळी फोन लावायचा म्हणजे आधी आमच्याशी बोलावं लागे. समोर छिद्राछिद्रांचा मोठा फळा, दिवा लागला की त्या छिद्रात दोरी खुपसायची, नंबर विचारायचा आणि दुसरी दोरी दुसऱ्या छिद्रात. एवढंच काम. पण मी त्या उंच खुर्चीवर अशी बसायची, जशी काही अख्ख्या तालुक्याची तोंडं माझ्या मुठीत आहेत. पुण्याहून आणलेल्या टाचेच्या चपला, मनगटावर भावाचं घड्याळ, आणि "नंबर प्लीज" हे दोन शब्द नाकातून. समोरचा माणूस घाबरून नंबर विसरला की मला बरं वाटे.

पहिल्याच आठवड्यात मी रशीदभाईंची लेखी तक्रार केली. ते खांबावरून उतरून तसेच आत यायचे आणि फरशीवर चिखल व्हायचा, म्हणून. साहेबांनी कागद त्यांना दाखवला. दुसऱ्या दिवसापासून ते दाराबाहेर बूट काढून, पाय धुऊन आत येऊ लागले. चिखल गेला, ओले ठसे राहिले. त्यांची तक्रार करायला मात्र मला शब्द सापडेनात.

माझा दुसरा गुण सांगते. मी सगळ्यांचे फोन ऐकायची. कुणाच्या मुलीला नकार आला, कोणता व्यापारी कुणाला फसवतोय, कोणत्या डॉक्टरचं कुणाशी जमलंय, हे मला घरच्यांच्या आधी कळे. रशीदभाईंनी एकदा मला कानाला हेडफोन लावून हसताना पकडलं. रागावले नाहीत. माझ्यामागे उभे राहून फळ्याकडे बघत म्हणाले, "बाई, आपुन लाइन जोडायची, ऐकायची न्हाई. ऐकलं की माणूस जड व्हतो. मग खांबावर चढता येत न्हाई." मला कुठे खांबावर चढायचं होतं? मी ऐकत राहिले.

आता माझी सगळ्यांत मोठी शहाणपणाची गोष्ट. एका पावसाळ्यात पश्चिमेकडच्या खोऱ्यातल्या शेवटच्या सरकारी दवाखान्याची लाइन अर्धी मेली. म्हणजे तिथून आमच्याकडे फोन लागायचा, पण आम्ही लावला की तिथली घंटी वाजायची नाही. नवीन भाग यायला आठवडा लागणार होता. तोवर रशीदभाईंनी एक तोड काढली. दवाखान्याच्या कंपाउंडरने सकाळी एक्स्चेंजला फोन लावायचा आणि रिसीव्हर खाली ठेवायचाच नाही. घोंगडीची घडी करून तिच्यावर तो उताणा निजवायचा. कुणाला डॉक्टर हवे असले की ऑपरेटरने त्या उघड्या लाइनमधून हाक मारायची, आवाज खोलीभर जाईल. घंटीची गरजच नाही. हे सगळं त्यांनी मला नीट समजावलं. मी घड्याळाकडे बघत मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याचा दिवा लागला, मी दोरी खुपसली. पलीकडे कुणी बोलेना. तीन मिनिटं झाली, मी दोरी काढली. बोलणं होत नसेल तर लाइन मोकळी करावी, असं आमच्या पुस्तकात छापलेलं होतं. दुपारी त्याच खोऱ्यातल्या एका वाडीतून बाळंतीण अडल्याचा निरोप आला आणि दवाखान्याला कळवायला लाइनच नव्हती. रशीदभाई दुधाच्या गाडीत बसून, पुढे ओढ्यातून चालत जाऊन डॉक्टरांना घेऊन गेले. आई वाचली, मूलही वाचलं. संध्याकाळी ते कमरेपर्यंत ओले होऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"नियम तुमच्या बाजूचा हाय, बाई," ते म्हणाले. "बाळंतीण न्हाई."

मग लहान मुलाला सांगावं तसं त्यांनी सांगितलं, "दार भाईरनं उघडत नसलं, तर आतल्यानं उघडून धरायचं. आणि कुणी धरलेलं दार दुसऱ्यानं लोटायचं न्हाई." त्यांनी माझी तक्रार केली नाही. केली असती तर मला जास्त बरं वाटलं असतं.

त्याच एक्स्चेंजमध्ये माझं लग्न जमलं. एक मास्तर दर दोन दिवसांनी सकाळी साडेनऊला यायचे आणि मंचरचा कॉल जोडून मागायचे. नंबर नम्रपणे सांगायचे, बाकावर बसून राहायचे, माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. मी त्याचा अर्थ असा काढला की माणूस माझ्यासाठी येतो आणि लाजतो. पावडर लावून बसू लागले. लग्नानंतर कळलं की त्यांचे वडील मंचरला अंथरुणाला खिळलेले होते आणि शाळा भरायच्या आत त्यांची खबर कळावी म्हणून ते येत. म्हटलं, मग मागणी का घातलीत? तर म्हणाले, "तुम्ही लाइन लवकर जोडून द्यायचात." झालं. माझ्या पावडरीचा असा निकाल लागला.

पुढे फळे गेले, दोऱ्या गेल्या, यंत्रं आपलीआपण नंबर जोडू लागली. मी निवृत्त झाले, मास्तर निवृत्त झाले. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं, मीही तेच म्हणते. आम्ही वारूळवाडीत घर बांधलं. रशीदभाईंनी मात्र निवृत्ती मानलीच नाही. जुन्नरला घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकून लोकांचे रेडिओ, मग टीव्ही, मग इंटरनेटचे डबे नीट करत बसायचे. सत्तरी ओलांडलेला हा माणूस नाकावर दोन चष्मे चढवून मोबाइलवर परदेशी लोकांचे व्हिडिओ बघायचा. भाषा कळायची नाही. म्हणायचे, "त्यांच्या हाताकडं बघायचं. हात सगळीकडं सारखंच बोलतात."

गुरुजींना विसर पडू लागला तो आधी साधा होता. चष्मा, किल्ल्या, धाकट्या नातवाचं नाव. मग एके दिवशी सकाळी पावणेदहाला त्यांनी टोपी घातली, पिशवी घेतली आणि शाळेत निघाले. शाळा सोडून वीस वर्षं झाली होती. तेव्हापासून रोज पावणेदहा वाजले की त्यांचे पाय फाटकाकडे वळत. आमच्या घरापासून नाशिक हायवे हाकेच्या अंतरावर. एकदा ते कांद्याच्या दोन ट्रकांच्या मधोमध उभे सापडले, हात वर करून, जसे काही ते ट्रक म्हणजे वर्गात दंगा करणारी पोरं.

अडवलं की चिडत. हात धरला की ढकलत. उपाय एकच होता, आणि तो मला योगायोगाने सापडला. मी स्वयंपाकघरातून हाक मारायची, "अहो, चहा टाकलाय." की ते तिथल्या तिथे थांबत, पिशवी खाली ठेवत, उंबऱ्याशी येऊन बसत. "कुठे आहेस?" असं विचारत. "इथेच आहे," असं मी आतून म्हणायचं. मग दोन-चार प्रश्न, दोन-चार उत्तरं, तेवढ्यात साडेदहा होऊन जात आणि शाळा त्यांच्या डोक्यातून सुटून जाई.

अशात माझ्या छातीत गाठ निघाली. नारायणगावच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून पुण्याला पाठवलं, पुण्याने तुकडा काढून पाहिला आणि कागद हातात दिला. ऑपरेशन, मग सहा आठवडे रोज किरणांचा शेक. पुण्यात राहावं लागणार. मुलगा पुण्यातच आहे, पण त्याच्या चौथ्या मजल्यावर गुरुजींना एकदा नेलं होतं तर तीन दिवस ते भिंती चाचपत आपलं फाटक शोधत होते. त्यामुळे मी ठरवलं की कागद कुणाला दाखवायचाच नाही. गुरुजी आहेत तोवर मी निभावीन, नंतरचं नंतर. आणि तो कागद मी घरात सगळ्यांत सुरक्षित जागी ठेवला. इंटरनेटच्या डब्याच्या मागे, वायरींच्या जंजाळात. तिथे कोण बघतंय?

एका मूर्ख मुलीची मूर्ख म्हातारी झाली की ती कागद असाच ठेवते.

त्या आठवड्यात इंटरनेट सारखं जात होतं म्हणून रशीदभाईंना बोलावलं. ते आले, खांबापासून वायर बघत बघत आत आले, डबा उचलला, आणि कागद त्यांच्या हातात. वाचला. घडी घालून टेबलावर ठेवला. मी चहा घेऊन आले तर म्हणाले, "मंगलबाई, ह्या कागदावरची तारीख तीन आठवडं जुनी हाय."

मी आधी विषय बदलला, मग रागावले, मग रडले. सगळं सांगितलं. शेजारची शोभा गुरुजींजवळ दिवसभर राहायला तयार होती, जेवणखाण, अंघोळ सगळं करायला. अडत होती फक्त ती पावणेदहाची वेळ. रशीदभाईंनी डबा जागेवर ठेवला. मग विचारलं, "गुरुजींना तुमी लागता, का तुमचा आवाज?"

मला हे लागलं. इतक्या वर्षांच्या संसाराचा हा हिशेब? पण नंतर विचार केला तर खरंच होतं. स्वयंपाकघरात येऊन या माणसाने कधी माझं तोंड पाहिलं असेल तर शपथ. उंबऱ्याबाहेर बसून बोलायचं, ही त्यांची जन्माची रीत. आता ती माझ्या जिवावर उठलेल्या आजारात कामी येणार होती.

साधे उपाय आधी करून झाले. शोभाने मोबाइल धरून माझा आवाज ऐकवला, तर गुरुजी ती डबी उलटीपालटी करून बघू लागले. मला त्या डबीत कोणी कोंडलंय म्हणून पोलिसांत जायला निघाले. माझी हाक रेकॉर्ड करून वाजवली, तर त्यांनी विचारलं "कुठे आहेस?" आणि रेकॉर्ड पुन्हा चहाच टाकत बसली. बाजारातला तयार बोलणारा डबा आणला, तर तो बोलायच्या आधी टिंगटाँग वाजवायचा आणि बाईच्या आवाजात इंग्रजी काहीतरी म्हणायचा. गुरुजी म्हणाले, "पाहुण्या बाईंना बसायला पाट दे."

मग रशीदभाईंनी स्वतःच एक डबा बनवला. जुन्या कॉम्प्युटरचं पोट, एक स्पीकर, एक माइक. तो फडताळात डाळीच्या डब्यांमागे बसवला. ना टिंगटाँग, ना इंग्रजी. मी माजघरातून मोबाइलवर बोलले की आवाज स्वयंपाकघरातून येई, आणि गुरुजींचं बोलणं मला ऐकू येई. घरात सगळं झकास. पण मी हायवेवर जाऊन लावलं तर काही केल्या लागेना.

दोघं नारायणगावला इंटरनेटवाल्यांच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या माणसाने सांगितलं की अख्ख्या आळीला बाहेरच्या जगात एकच पत्ता आहे. कंपनीला आता प्रत्येक घराला वेगळा पत्ता देणं परवडत नाही. त्यामुळे बाहेरून कुणी तुमचं घर शोधू लागलं तर कुठल्या दारात जायचं हे कळतच नाही, म्हणून ते परतवतात. स्वतंत्र पत्ता मोठ्या ऑफिसांना मिळतो, वारूळवाडीच्या घराला नाही. मी म्हटलं, अहो, माझ्या नवऱ्याचा जीव आहे. तो बिचारा म्हणाला, "आजी, मला कळतंय, पण वरूनच नाही आहे." मी उठले. मला पुण्याचा कागद पुन्हा त्या वायरींमागे दिसू लागला होता.

रशीदभाई उठले नाहीत. ते कधीच पहिल्या नकाराला उठत नसत. त्यांचं म्हणणं असं की कुणी न्हाई म्हटलं की आधी इचारायचं, न्हाई कुठल्या बाजूनं हाय. त्यांनी तेच विचारलं. "भाऊ, भाईरनं आत येता येत न्हाई. घरातनं भाईर लावलं तर तुमी अडवता का?"

"छे, ते कशाला अडवू? तुम्ही रोज तेच तर करता."

"आन् लावलेलं तसंच ठेवलं तर?"

"कितीही ठेवा."

रशीदभाईंनी त्याचे आभार मानले, आणि माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उडवल्या. मी एवढी वर्षं ज्या प्रसंगाची लाज बाळगून होते तो माझ्यासमोर उभा राहिला. घोंगडीची घडी, आणि तिच्यावर उताणा निजलेला रिसीव्हर.

त्यांची योजना अशी होती. जुन्नरला त्यांच्या घरी टेलिफोन खात्याची जुनी तांब्याची लाइन अजून चालू होती, इंटरनेटही तिच्यावरच यायचं, आणि तिला स्वतःचा पत्ता होता, बाहेरून सापडणारा. आमच्या फडताळातल्या डब्याने आतून त्यांच्या घरच्या डब्याला लावायचं आणि लाइन धरून ठेवायची. मी पुण्यातून आमच्या घराला शोधायचंच नाही. मी जुन्नरला लावायचं, आणि तिथून त्या आधीच उघड्या धरलेल्या लाइनीतून आत शिरायचं. म्हणजे आमच्या दोघांच्या मधे रशीदभाईंचं घर एक्स्चेंज होणार. वर एक किल्लीही बसवली, जी फक्त माझ्या मोबाइलला ठाऊक. म्हणाले, "तुमच्या स्वयंपाकघरात दुसऱ्या बाईचा आवाज नगं."

तरी एक अडचण आलीच. मधल्या वेळात कुणी बोललं नाही की कंपनी लाइन तोडायची. दोन दिवस त्यांनी डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी हसत आले. "लहानपणी आजीची गोष्ट ऐकताना हुंकार द्यावा लागायचा का न्हाई? हूं म्हणायचं थांबलं की आजी म्हणायची, झोपलं कार्टं, आन् गोष्ट बंद. ही कंपनी पण आजीच हाय. तिला हूं लागतो." आणि त्यांनी आमच्या डब्याला असं शिकवलं की काही बोलणं नसलं तरी दर अर्ध्या मिनिटाला त्याने जुन्नरला एक बारीक हूं पाठवायचा. तेव्हापासून आजी तोडेना.

ऑपरेशनच्या दिवसांत मुलगा गावी येऊन राहिला. गुरुजी त्याला कुणी पाहुणा समजले, पण पोराने रोज सकाळी त्यांच्याबरोबर शाळेपर्यंत चालत जाऊन, "आज सुट्टी आहे" म्हणत परत आणलं. ते फार दिवस चालणारं नव्हतं, त्याला नोकरी होती. शेक सुरू झाला आणि खरी परीक्षा आली.

पहिला दिवस मला जसाच्या तसा आठवतो. दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात मी अंगावर तो मागून बांधायचा झगा घालून बसले होते. पावणेदहा. मोबाइलवर लावलं आणि कानात माझं स्वयंपाकघर उघडलं. कुकरची वाफ, शोभाच्या बांगड्या, खिडकीतल्या चिमण्या. पुण्यात बसून मी माझ्याच घरात चोरासारखी शिरले होते. मग चपलांचा आवाज. गुरुजी निघाले होते. शोभा म्हणत होती, थांबा ना गुरुजी, आणि तिचा आवाज रडवेला होत चालला होता.

मला हाक मारायची होती. पण कानाला यंत्र, समोरून माणूस, आणि मनात भीती, अशी तिन्ही एकत्र आली की माझं तोंड माझं राहत नाही. ते एकवीस वर्षांचं होतं. मी नाकातून म्हणाले, "नंबर प्लीज."

व्हरांड्यातल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. कानात सगळं शांत. मला वाटलं, संपलं. आता ते पाहुण्या बाईला शोधत हायवेवर जाणार.

मग चपला थांबल्या. गुरुजींचा आवाज आला, तरुण, अदबीचा, जो मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. "मंचर जोडून देता का? वडिलांची तब्येत विचारायची आहे."

"लाइन बिझी आहे, गुरुजी," मी म्हटलं. "बाकावर बसा जरा."

ते उंबऱ्याशी बसले. अर्धा तास बसले. मधेमधे विचारत, "लागली का?" मी म्हणे, "लावतेय." नंतर शोभाने सांगितलं की बसल्या जागी ते टोपी काढून गुडघ्यावर ठेवून, अगदी परक्या ऑफिसात बसावं तसे बसले होते. मला आत शेकायला बोलावलं तेव्हा नर्सने विचारलं, आजी, हसताय काय? मी म्हटलं, बाई, एक माणूस पन्नास वर्षांनी पुन्हा माझ्याकडे आलाय आणि आजही माझ्यासाठी आलेला नाही.

पुढचे सहा आठवडे असेच गेले. काही दिवस चहा चाले, काही दिवस मंचर. एकदा जुन्नरची वीज गेली. मी लावलं तर लागलं खरं, पण जरा दमाने. ते पुढे भाभींकडून कळलं. रशीदभाईंनी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी उचलून आणून डब्याला जोडली होती. कळलं ते एवढंच नाही. त्या सहा आठवड्यांत साडेनऊ ते अकरा ते त्या टेबलासमोरून हलले नाहीत. संगमनेरला भाचीचं लग्न होतं, सकाळचं. सगळं घर गेलं, हे दुपारच्या बसने आळेफाट्यावरून जेवणाला पोचले. वर भाचीला म्हणाले, वायर बघायची राहिली, मांडव बरा हाय ना?

मी परत आले तेव्हा त्यांना एकच विचारलं. आमचं बोलणं ऐकलंत का कधी? तुमच्या जागी मी असते तर ऐकलं असतं, अगदी मिटक्या मारत.

ते म्हणाले, "मी दिवा बघत व्हतो. हिरवा हाय म्हंजी गुरुजी घरात हायेत."

आभार मानायचे राहून गेले म्हणणार नाही, मी ते मानले. एका सकाळी जुन्नरला जाऊन हमीदाभाभींसमोर मानले, कशाबद्दल ते मात्र बोलले नाही. रशीदभाईंना अवघडल्यासारखं झालं आणि ते छताकडे बघू लागले. त्याच वेळी मी त्यांना जुनी तक्रार आठवते का विचारलं, चिखलाची. म्हणाले, आठवतं तर. तुमचं अक्षर लई चांगलं व्हतं.

गेल्या हिवाळ्यात रशीदभाई गेले. दोन दिवस छातीत दुखत होतं, तिसऱ्या दिवशी पुण्याला नेताना वाटेतच. मी दफनानंतर जाऊन आले, भाभींना धरून बसले. त्या गर्दीत मी डब्याची चौकशी केली नाही. कुठल्या तोंडाने करणार? मी मनात धरून चालले की टेबल आवरलं असेल, वायरी काढल्या असतील.

पण माझी सहा महिन्यांची तपासणी तोंडावर आली होती. ऑपरेशननंतर पाच वर्षं दर सहा महिन्यांनी पुण्याला जायचं असतं, त्यातली दोन वर्षं झालीत, आणि तपासणीची वेळ सकाळचीच असते. गुरुजी अजूनही पावणेदहाला टोपी घालतात. मी पुन्हा तेच ठरवलं जे मूर्ख म्हातारीने ठरवावं. या खेपेला नाही गेलं तर काय बिघडतंय? बरी तर आहे. तारखेच्या चार दिवस आधी मात्र राहवेना. जुन्नरला गेले, भाभींना भेटायला म्हणून.

पुढच्या खोलीत टेबल तसंच होतं. डब्यावर भाभींनी क्रोशाने विणलेला रुमाल घातला होता, टीव्हीवर घालतात तसा, आणि त्या जाळीतून हिरवा दिवा दिसत होता.

"हे काय करतं मला ठावं न्हाई," भाभी म्हणाल्या. "मी रोज पुसते. दिवा गेला तर मागचं बटन बंद करून दहा आकडं मोजायचं आन् चालू करायचं, एवढं मला शिकवून ठेवलंय. ह्यांना गाडीत घालताना मी औषधाची पिशवी शोधत व्हते तर मला म्हणाले, पिशवी ऱ्हाऊ दे, त्यो डबा बंद करू नको. मंगलबाईची अजून तीन वर्षं हायेत."

मी तिथे टेबलाच्या कडेला बसून त्यांना सगळं सांगितलं. माझं स्वयंपाकघर, डाळीचे डबे, हूं, मंचरचा कॉल. पन्नास वर्षांच्या संसारात नवऱ्याने त्यांना त्यातलं काहीही सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्याची लाइन होती ना. भाभी ऐकत राहिल्या, मग डोळे पुसून म्हणाल्या, "म्हंजी तुजा नवरा माझ्या घरातनं जातो-येतो आन् मला पत्ता न्हाई."

मी तपासणीला गेले. पावणेदहाला व्हरांड्यात बसून लावलं, लागलं, गुरुजी बसले. दुपारी डॉक्टरांनी कागद बघून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. बाहेर येऊन पहिला फोन मी भाभींना केला. साधा फोन, घंटीचा. एका घंटीतच उचलला, म्हणजे त्या टेबलापाशीच बसून होत्या. मी म्हटलं, भाभी, चांगलं आलं.

"शुक्र हाय," त्या म्हणाल्या. मग कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज आला. "पुढची खेप कंदी? तारीख सांग. त्या दिवशी मी कुटं जात न्हाई."